शुगर (शाळेतलं, डब्यातलं नाही) : नाचता येईना की अंगणच वाकडं?

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत कुणीतरी देणगी दिलेले आठ जुने कॉम्प्युटर आहेत, त्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजच्या जागी) आणि शुगर टाकलेलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शुगर म्हणजे ते पोरांसाठीचं फ्री सॉफ्टवेअर, सगळं पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, मधोमध एक बाहुला आणि भोवती गोल आयकॉन. मी महिन्यातून दोन शनिवार पुण्याहून जातो. तर पोरांसाठी मी पाढ्यांची एक ॲक्टिव्हिटी (शुगरमध्ये ॲपला ॲक्टिव्हिटी म्हणतात) लिहिली. पाढा निवडा, उत्तरं लिहा, शेवटी कुठला पाढा कच्चा आहे त्याचा रंगीत आलेख येतो. तीन आठवडे रोज रात्री बसलो. माझ्या लॅपटॉपवर एकदम लोण्यासारखी चालते.

आज पेनड्राइव्हवर घेऊन गेलो, आठही मशीनवर टाकली. आयकॉन दाबला की तो मोठा होऊन धडधडतो ना, तसा धडधडला. धडधडतच राहिला. बावीस पोरं मागे उभी. मग मेसेज, ॲक्टिव्हिटी सुरू होऊ शकली नाही. आठही मशीनवर तेच. चौथीतली एक पोरगी म्हणाली, सर, ती झोपलीय का? काय सांगू तिला.

आता माझा प्रश्न असा की चूक कुणाची धरायची. माझी, की लॅब लावणाऱ्याची, की शुगरवाल्यांची? एका मित्राला फोन केला तर तो म्हणे हे प्लॅटफॉर्म टीमचं काम असतं. ती काय भानगड आहे? शाळेसाठीच्या फुकट सॉफ्टवेअरला कसली आलीय प्लॅटफॉर्म टीम?

खडूसकाका | शनिवार, रात्री ११:५८

धाग्याच्या नावातच उत्तर आहे की. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

निंबोणी | रविवार, सकाळी ८:१५

दादा, आधी लॉग बघितला का? शुगरमध्येच लॉग नावाची ॲक्टिव्हिटी असते, ती उघडायची, डावीकडे तुमच्या ॲक्टिव्हिटीच्या नावाची फाईल दिसेल, तिची शेवटची ओळ इथे टाका. बाकी सगळं नंतर.

गुर्जी_चौथी_ब | रविवार, सकाळी १०:०२

नमस्कार. मीच तो शाळेतला मास्तर, पाटीपेन्सिल सरांनी लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. चाव्या माझ्याकडेच असतात म्हणून आत्ता जाऊन बघून आलो. शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलंय की मॅटप्लॉटलिब नावाचं मोड्यूल सापडत नाही. हे काय असतं ते सरच जाणोत.

निंबोणी | रविवार, सकाळी १०:०९

झालं. दादा, तुम्ही मॅटप्लॉटलिब हे आलेख काढायचं तयार पॅकेज वापरलं, घरी कधीतरी नेटवरून पिप (पायथनची पॅकेजं उतरवणारी कमांड) मारून ते टाकलेलं असणार आणि विसरला असाल. शाळेत ते नाहीये. तुमचं घर म्हणजे प्लॅटफॉर्म नव्हे :)

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी १०:३१

अगं पण मला कसं कळणार काय असेल आणि काय नसेल? आठवी मशीन, पंचविसावं गाव, प्रत्येक ठिकाणी कुणी काय टाकलंय हे बघत फिरू का?

उसाचं_कांडं | रविवार, दुपारी १:२०

हाच तो प्रश्न. जेवून बसलोय, सविस्तर लिहितो. मी पंधराएक वर्षांपूर्वी ह्या प्रकल्पात थोडीफार हमाली केली आहे, तेव्हा ऐकीव नाही.

सुरुवातीला शुगर एकाच यंत्रासाठी होतं. वन लॅपटॉप पर चाइल्ड (ओएलपीसी) ह्या पोरांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या प्रकल्पाचा तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण. सगळ्या जगात तेच मशीन आणि त्यावर तेच बिल्ड. तेव्हा प्लॅटफॉर्म म्हणजे काय हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता, कारण एका मशीनवर चाललं म्हणजे सगळीकडे चाललं. मग २००८च्या मे महिन्यात वॉल्टर बेंडर यांनी ओएलपीसीतून बाहेर पडून शुगर लॅब्स सुरू केलं, कल्पना अशी की हे कुठल्याही कॉम्प्युटरवर चालावं. फेडोरा, डेबियन, उबुंटू असे लिनक्सचे प्रकार, शिवाय पेनड्राइव्हवरून चालणारं शुगर ऑन अ स्टिक. कल्पना उत्तमच होती पण त्या दिवशी अंगण एकाचं अनेक झालं. कुठे पायथनची ही आवृत्ती, कुठे ती, कुठे व्हिडिओचं प्लगिन आहे, कुठे लायसन्सच्या कारणाने काढून टाकलंय.

मग लोकांनी ह्या थरांना नावं ठेवली, आणि ती ऐकून सांगली-कोल्हापूरकर खूश होतील. मूळ वातावरण म्हणजे ग्लुकोज. सोबत नमुन्याच्या ॲक्टिव्हिटी म्हणजे फ्रुक्टोज. दोन्ही मिळून सुक्रोज. डेबियनमध्ये सुक्रोज ह्याच नावाने पॅकेज केलेलं आहे, गुर्जींच्या मशीनवर बहुतेक तेच टाकलं असेल. वरच्या जादा ॲक्टिव्हिटी म्हणजे हनी. खालची हार्डवेअर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे रायबोज. गूळ आणि काकवी तेवढी राहिली.

पण नावं ठेवून भागत नाही. कुणीतरी एक यादी करून छातीठोकपणे सांगावं लागतं की बाबांनो, अमुक आवृत्तीचं शुगर म्हटलं की त्यात पायथन असणार, खिडक्या-बटणांसाठी जीटीके असणार, चित्र काढायला कैरो असणार, आवाज-व्हिडिओसाठी जीस्ट्रीमर असणार, हे हे असणारच. ॲक्टिव्हिटी लिहिणाऱ्याने ह्यातलं बिनधास्त वापरायचं, सोबत काही बांधून न्यायचं नाही. डेबियन-फेडोरावाल्यांनी ह्यातलं काही गाळायचं नाही. आणि यादीच्या बाहेरचं काही लागलं तर ती लिहिणाऱ्याची जबाबदारी. हा करार राखणं म्हणजे प्लॅटफॉर्म टीमचं काम. बाकी मग त्यांना कुणी काही म्हणो.

म्हणजे पाटीपेन्सिल, तुमचं नाचणं चुकलं नाही, पण तुम्ही घरच्या फरशीवर सराव करून शेणाने सारवलेल्या अंगणात गेलात.

सर्व्हरवाला | रविवार, दुपारी १:४४

म्हणजे सर्व्हर सांभाळणारे ना? आमच्या ऑफिसात पण प्लॅटफॉर्म टीम आहे, रात्री दोनला त्यांनाच उठवतात.

उसाचं_कांडं | रविवार, दुपारी १:५०

नाही हो. सर्व्हर, वेबसाईट, कोड ठेवायचं गिट सांभाळणारी ती इन्फ्रास्ट्रक्चर टीम, तिचं खातं वेगळं. भाषांतरवाले वेगळे, शाळांमध्ये बसवणारे डिप्लॉयमेंटवाले वेगळे. प्लॅटफॉर्मवाले ह्या सगळ्यांच्या मधे बसतात आणि सगळ्यांच्या शिव्या खातात. सगळं नीट चाललं की त्यांची आठवणही कुणाला येत नाही.

वेबकरी | रविवार, दुपारी २:३०

इतकी डोकेफोड कशाला करताय? जावास्क्रिप्टमध्ये लिहा, ब्राउझरमध्ये उघडा, विषय संपला. शुगरचाच शुगरायझर आहे ना वेबवर चालणारा, आणि म्युझिक ब्लॉक्स पण ब्राउझरमध्येच चालतो. आजच्या काळात कोण डेस्कटॉपच्या लायब्रऱ्या मोजत बसतं राव.

गुर्जी_चौथी_ब | रविवार, दुपारी ४:१०

वेबकरी सर, आमच्याकडे नेट म्हणजे माझा मोबाईल, तो खिडकीच्या दुसऱ्या गजाला टेकवला की दोन काड्या येतात. पावसाळ्यात त्याही नाहीत. आठ मशीन त्यावर कशी चालायची?

वेबकरी | रविवार, दुपारी ४:१८

गुर्जी, मान्य. पण ते ऑफलाइनही ठेवता येतं, एका मशीनवर सर्व्हर करायचा. आणि खरं सांगायचं तर लहान पोरांना फरक पडत नाही खाली काय आहे.

उसाचं_कांडं | रविवार, दुपारी ४:५५

करता येईल की. पण वेबवर गेलं म्हणून कराराची कटकट संपते हा गैरसमज आहे. आता यादीऐवजी ब्राउझरची आवृत्ती येते. त्या आठ मशीनवर कुठला फायरफॉक्स आहे हे कुणी बघितलंय? शुगरने ब्राउझरवर विसंबून एकदा चांगलाच हात पोळून घेतलाय, म्हणून सांगतो. हुलाहॉप नावाचा एक तुकडा होता, मोझिलाचं (फायरफॉक्सवाल्यांचं) ब्राउझर इंजिन पायथनच्या ॲक्टिव्हिटीच्या पोटात बसवायला. यादीत होता म्हणून लोकांनी विश्वासाने वापरला. मग २०११ मध्ये मोझिलाने असं दुसऱ्याच्या पोटात बसणं बंद केलं आणि वेबकिट ह्या दुसऱ्या इंजिनवर जावं लागलं. ब्राउझ ॲक्टिव्हिटी नव्याने बांधावी लागली आणि हुलाहॉपवर उभ्या असलेल्या बाकीच्याही अडकल्या. यादीत एखादी गोष्ट घेणं म्हणजे लग्न आहे. माहेरच्यांनी घर विकलं तर निस्तरायला आपण.

आज तीच गत टेलिपथीची, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. पोरं एकमेकांच्या मशीनवर एकच चित्र मिळून काढू शकतात, शुगरची जान आहे ती. सर्व्हर नसताना वर्गातल्या वर्गात जोडणारं सॅल्यूट, सर्व्हरमार्फत जोडणारं गॅबल, हे सगळं टेलिपथीचे भाग. आणि बाहेरच्या जगाने टेलिपथी वाऱ्यावर सोडून दिली. आता ती टाकावी तर पर्याय लिहावा लागतो, ठेवावी तर जुनं कोड आपणच जपावं लागतं. हे काम कुणाला दिसतं का? नवी ॲक्टिव्हिटी केली की पोरं टाळ्या वाजवतात.

पाटीपेन्सिल | रविवार, सायंकाळी ६:०५

बरं, मग मी मॅटप्लॉटलिब सरळ माझ्या ॲक्टिव्हिटीच्या फाईलमध्येच (तिलाही एक्सओच म्हणतात) कोंबतो. सगळं सोबत. कुणाच्या यादीचं देणंघेणं नको.

निंबोणी | रविवार, सायंकाळी ६:२०

नको नको नको. दादा, हाच खेळ आधी होऊन गेलाय. मी कॉलेजात असताना गुगल समर ऑफ कोडमध्ये (विद्यार्थ्यांना फ्री सॉफ्टवेअरवर काम करायला देणारा गुगलचा उपक्रम) शुगरवर काम केलं, त्या काळात जुन्या ॲक्टिव्हिटी दुरुस्त करणं हाच माझा अर्धा उन्हाळा होता. लोकांनी सोबत कंपाइल केलेल्या फाईली भरल्या होत्या, त्या सगळ्या इंटेलच्या जातीच्या प्रोसेसरवरच चालणाऱ्या. एक्सओ लॅपटॉपच्या १ आणि १.५ ह्या मॉडेलमध्ये चाललं. मग एक्सओ-१.७५ आला तो एआरएम ह्या वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरचा, त्यावर त्या फाईली म्हणजे नुसती माती. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेल्या होत्या त्या न बदलता चालल्या. मॅटप्लॉटलिबच्या पोटात नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज आहे, त्याच्या पोटात कंपाइल केलेलं सी भाषेतलं कोड. उद्या गुर्जींना कुणी रास्पबेरी पाय (छोटे एआरएमचे कॉम्प्युटर) दिले तर परत ती पोरगी विचारणार झोपली का म्हणून.

फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत घेऊन येणारी पॅकेजं) हा एक मधला मार्ग आहे, त्यांच्या फ्लॅटहब ह्या साईटवर शुगरच्या बऱ्याच ॲक्टिव्हिटी आहेत, पण त्याचा रनटाइम म्हणजे खालचा सामायिक भाग पहिल्यांदा उतरवून घ्यायला गुर्जींचा खिडकीतला मोबाईल आठवडाभर गजाला बांधावा लागेल.

आणि एक अवांतर, नवीन येणारा प्रत्येक जण ज्यात फसतो ते. आपण कोडमध्ये सगळं शुगर-थ्री मधून घेतो ना, ते थ्री पायथन थ्रीचं नाहीये, जीटीके थ्रीचं आहे. जीटीके दोनवरून तीनवर जाताना जुनं शुगर नावाचं मोड्यूल तसंच ठेवलं आणि नवं शेजारी शुगर-थ्री म्हणून उभं केलं, म्हणजे जुन्या ॲक्टिव्हिटीही चालत राहतील आणि नव्याही. मी पहिल्या आठवड्यात पूर्ण दोन दिवस त्या गैरसमजात घालवले.

उसाचं_कांडं | रविवार, सायंकाळी ६:४१

निंबोणीला +१. ते शेजारी उभं करणं साधं वाटतं पण प्लॅटफॉर्मवाल्याचं खरं कसब तिथेच असतं. जुनं घर पाडायच्या आधी नवं बांधायचं आणि मधल्या काळात दोन्हीकडे दिवाबत्ती करायची.

खडूसकाका | रविवार, रात्री ८:५०

वाचतोय सगळं. छान चाललंय. पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. ह्या सगळ्याचा उपयोग झाला का? पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला होता, २०१२ मध्ये आला, लॅपटॉप दिलेल्या पोरांच्या गणितात आणि भाषेत काडीचा फरक पडला नव्हता. आपल्या केंद्र सरकारने तर २००६ मध्येच नको म्हणून कळवलं होतं. आणि तुम्ही इथे ग्लुकोज की फ्रुक्टोज.

कर्जतकर | रविवार, रात्री ९:१५

काका, केंद्राने नको म्हटलं तरी रायगड जिल्ह्यात खैराट गावात २००७ मध्ये छोटा प्रयोग झालाच होता. एकशिक्षकी शाळा. मी तेव्हा डोंगरात भटकायला जायचो, वाटेत एकदा ओट्यावर बसलेला पोरगा बघितला होता तो हिरवा डबा घेऊन, दोन्ही बाजूंना सशासारखे कान, ते अँटेना होते हे मला नंतर कळलं. आमच्या भागातल्या गावाचं नाव ह्या धाग्यात येईल असं वाटलं नव्हतं :)

उसाचं_कांडं | रविवार, रात्री ९:४०

खडूसकाका, तो अभ्यास खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. मात्र त्यात तर्कबुद्धीच्या चाचण्यांमध्ये थोडा चांगला फरक दिसला होता हेही लिहिलंय, ते पण सांगा. नुसती यंत्रं वाटून शिक्षण होत नाही हे खरंच, शिक्षकच लागतो. पण मी म्हणेन की तो मुद्दा प्लॅटफॉर्मच्या बाजूने जातो. शिक्षक एखाद्या दिवशी धाडस करून तास कॉम्प्युटरवर घेतो आणि आयकॉन धडधडून झोपी जातो, पुढच्या वेळी तो शिक्षक खोलीला कुलूप लावून मोकळा होतो. कुठल्या अभ्यासात हे कुलूप मोजतात का मला माहीत नाही.

गुर्जी_चौथी_ब | रविवार, रात्री १०:०५

खरं बोललात. सर यायच्या आधी दीड वर्ष आमच्या खोलीला कुलूपच होतं. यादीत कॉम्प्युटर आठ दाखवायचे, धूळ मी पुसायचो. आधी एका संस्थेने येऊन दोन दिवस ट्रेनिंग दिलं होतं, फोटो काढले, नंतर फोन उचलला नाही.

सर्व्हरवाला | सोमवार, सकाळी ९:३०

एक शंका. हे सगळं स्वयंसेवक करतात. मग यादीत काय राहणार आणि काय जाणार हे ठरवतं कोण? आमच्याकडे मॅनेजर असतो.

उसाचं_कांडं | सोमवार, दुपारी १२:४५

लंच ब्रेकमध्ये लिहितोय. ठरवतो तो जो काम करतो, आणि पटवून देतो तो. फर्मान काढून चालत नाही, कुणी पगारी नाही. सुरुवातीला शुगरच्या नव्या आवृत्तीची सहा महिन्यांची लय होती, ०.८२ ऑगस्ट २००८, ०.८४ मार्च २००९, ०.८६ सप्टेंबर. डेव्हलपरला बरं पडायचं. पण शाळेला सहा महिन्यांनी सगळं बदललेलं नको असतं, तिचं एक वर्ष असतं, मधे परीक्षा असतात. आपण ०.८६ची यादी करत होतो तेव्हा अनेक देशांत पोरांच्या हातात ०.८२च होतं आणि पुढे कैक वर्षं होतं. मग नवी ॲक्टिव्हिटी जुन्यावर चालत नाही, आणि जुन्यासाठी कुणाला लिहायचं नसतं. कुणाची बाजू घ्यायची? मी तेव्हा तरुण होतो, नव्याची घ्यायचो. यादी छोटी हवी, कंटाळवाणी हवी हे मला फार उशिरा पटलं. पुढे पायथन दोनचं आयुष्य १ जानेवारी २०२० ला संपलं, त्याच्या आसपासची दोन वर्षं सगळी शक्ती पायथन तीनवर जाण्यात गेली, नवीन असं पोरांना काहीच दिसलं नसेल. आता ह्या नावाची वेगळी टीम आहे की नाही ह्याला फार अर्थ नाही, रिलीज काढणारा जो कोण असतो त्याच्या गळ्यात हे पडतंच.

निंबोणी | सोमवार, दुपारी १:१०

पायथन तीनने आपल्याला दिसलं बरं का काहीतरी! पायथन दोनमध्ये साध्या स्ट्रिंगमध्ये 'क' म्हणजे तीन बाइट, एका शब्द ओळखायच्या खेळात ते एकेक बाइट तोडून दाखवायचे, इंग्रजीत मस्त, मराठीत नुसते चौकोन. आता 'क' एकच मोजला जातो. 'कि' अजून दोन मोजला जातो, वेलांटी वेगळी पडते, पण तेवढं आपण सांभाळू.

दादा, आलेख कैरोने काढा. जीटीकेसोबत ते आहेच, यादीतलं आहे, रकान्यांचा आलेख म्हणजे चार चौकोन भरायचेत. मी नमुना पाठवते.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ११:२०

पाठव गं. आणि बोलून दाखवायला पण काहीतरी हवंय, पाढा म्हणून दाखवणारं. ते कुठून आणू? की विचारूच नको?

निंबोणी | सोमवार, रात्री ११:३४

ते शुगरमध्येच आहे! ईस्पीक हे लिहिलेलं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, जीस्ट्रीमरच्या प्लगिनमधून. आधी प्रत्येक ॲक्टिव्हिटी आपापलं जुगाड करायची, मग शुगरमधल्याच एकाने ते प्लगिन लिहिलं म्हणजे सगळ्यांना एकाच दाराने आवाज मिळेल. मराठी आवाज आहे त्यात, फक्त बोलतो तो रोबोट, पोरं हसतील.

पाटीपेन्सिल | शनिवार, सायंकाळी ७:१५

आत्ताच घरी आलो, रिपोर्ट देतो.

मॅटप्लॉटलिब काढलं. कैरोने साठेक ओळींत आलेख झाला, दिसायला जरा गावठी आहे पण झाला. ह्या वेळी शहाणपण केलं, आधी रिकाम्या डेबियनवर नुसतं सुक्रोज टाकून तिथे चालवून बघितलं.

आठपैकी सात मशीनवर चालली. आठव्याचा मॉनिटरच लागत नाही, केबल उंदराने खाल्लीय, त्यात तरी माझा दोष नाही. धडधडणारा आयकॉन थांबून पाढा आला तेव्हा ती मागची पोरगी म्हणाली उठली उठली. रोबोटच्या आवाजातलं 'बे एके बे' ऐकून अर्धा तास वर्ग ताब्यात नव्हता. आणि एक गंमत, पोरांनी मराठी कीबोर्ड लावून '५६' असं देवनागरीत लिहिलं, मी मनात म्हटलं आता बोंबललं, तर चक्क बरोबर धरलं. मी ह्यासाठी काहीही केलेलं नाही!

निंबोणी | शनिवार, सायंकाळी ७:४०

पायथनला देवनागरी आकडे कळतात, दादा. इंट (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) केलं की '५'चे पाच होतात, आपोआप.

खडूसकाका | शनिवार, रात्री ८:०५

केबल कसली आहे ती? व्हीजीए असेल तर माझ्या माळ्यावर चार पडल्यात, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गुर्जी_चौथी_ब | शनिवार, रात्री ९:१०

काका, व्हीजीएच आहे, निळ्या टोकाची. व्यनि करतो, ते कसं करायचं ते जरा सांगा.

पाटीपेन्सिल सर, मुलांनी आज घरी जायला नाही म्हटलं, डबेवाल्या ताई थांबून राहिल्या. एक विनंती होती. साधे पाढे झाले, आता पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी करता येईल का? आम्ही लहानपणी म्हणायचो, आता पुस्तकात नाहीत. उत्तरात पाव आणि अर्धा लिहायला जागा लागेल, ती कशी द्यायची ते तुमच्या यादीत बघा.